सेनबेई विकून चालणारी चोशीची रेल्वे बंद करावी काय?

चिबाकर: काल एका सदस्याने इथे लिहिले की, जी रेल्वे तिकिटांऐवजी सेनबेईवर, म्हणजे तांदळाच्या जपानी बिस्किटांवर, जगते ती रेल्वे नसून दुकान आहे, ती बंद करून बस सोडावी. हे वाचून राहवले नाही. जपानच्या चिबा प्रांतातील चोशी शहराचा, चोशी ते तोकावा हा ६.४ किलोमीटरचा, दहा स्थानकांचा मार्ग १९२३ पासून चालू आहे. माजी अध्यक्षाच्या अपहारानंतर २००६ मध्ये गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीलाही पैसे उरले नाहीत, तेव्हा दुरुस्तीसाठी आमची सेनबेई घ्या असे कंपनीने लोकांना उघडपणे विनवले आणि देशभरातून मागणी आली. सोया सॉसमध्ये मुरवलेली ती मऊ, किंचित चिवट सेनबेई कंपनी १९९५ पासूनच विकत होती. मुळात चोशी हे सोया सॉसचेच गाव, आणि ही रेल्वे १९८४ पर्यंत त्याच धंद्याचा माल वाहत असे. तेव्हा हे दुकान उपरे नाही.

हिशेबनीस: आवाहन मनाला भिडणारे होते, पण सेनबेई मागवणारा माणूस गाडीत बसत नाही. चोशीची लोकसंख्या १९६५ मध्ये नव्वद हजारांवर होती, ती २०२० मध्ये साठ हजारांच्याही खाली आली. होक्काइदो बेटावरील युबारी शहराच्या महापौरांनी २०१६ मध्ये स्वतःहून शाखामार्ग बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, बदल्यात बसच्या सोयीसाठी जेआर होक्काइदो या रेल्वे कंपनीचे साहाय्य मिळवले, आणि २०१९ मध्ये तो १६.१ किलोमीटरचा मार्ग बंद झाला. याला शहाणपण म्हणतात.

ओसाकावासी: बसचे नाव काढलेत म्हणून लिहिते. ओसाकातील कोंगो बसने चालक मिळेनात म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये सगळेच मार्ग बंद केले, आणि एप्रिल २०२४ पासून चालकांच्या जादा कामावर कडक मर्यादा आली. आमच्या टेकडीवरच्या वस्तीतील संध्याकाळची बस रद्द झाली, तेव्हा थांब्यावर फक्त एक कागद चिकटवलेला होता. सासूबाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायामोपचारांना जात असत. परतीची सोय उरली नाही म्हणून त्यांनी ते सोडून दिले आणि आता काठीशिवाय त्यांना जिना उतरता येत नाही. रेल्वेच्या जागी बस येईल, हे कोणाच्या भरवशावर सांगता?

हिशेबनीस: चालक रेल्वेलाही लागतात. तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांनी चोशीचा ताळेबंद जुळत नाही.

ओसाकावासी: माझ्या घरच्या माणसाचा असा उल्लेख पुन्हा करू नका. शाळा सुटल्यावर जी मुले एका चालकाच्या गाडीत मावतात, त्यांच्यासाठी दोन-तीन बस आणि तितकेच चालक लागतील, हा हिशेब तुम्ही मांडलाच नाही.

चिबाकर: दोघांनीही जरा सबुरीने घ्यावे. मी कंपनीला भीक मागायला लावण्याच्या बाजूचा नाही. २०११ च्या पुरात तदामी रेल्वेमार्गाचे पूल वाहून गेले, तेव्हा फुकुशिमा प्रांताने त्या भागातील रूळ आपल्या मालकीचे केले, गाड्या जेआर पूर्व या रेल्वे कंपनीकडे ठेवल्या आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मार्ग पुन्हा जोडला गेला. रस्त्याची डागडुजी सरकारने करायची आणि रुळांची मात्र सेनबेईने, हा भेद मला मान्य नाही.

हिशेबनीस: गुडघ्यांविषयीचे वाक्य मी मागे घेतो. रूळ सार्वजनिक मालकीचे असावेत, हेही नाइलाजाने मान्य करतो, कारण बसचा भरवसा मलाही देता येत नाही. पण तदामीच्या रुळांचा खर्च तिथल्या करदात्यांना दरवर्षी सोसावा लागणार आहे. चोशीसाठी तो चिबा प्रांताने उचलायचा की लोकसंख्या घटत चाललेल्या चोशी शहराने, ते आधी सांगा.

चिबाकर: प्रांताने. इनुबोचे दीपगृह पाहायला येणारे पर्यटक साऱ्या चिबाचे म्हणून मिरवायचे आणि त्यांना तिथवर नेणारे रूळ तेवढे एकट्या चोशीचे, हे चालणार नाही.