विषय: बुवांचं विमान रविवारी नक्की किती वाजता?

सचिव:
मंडळी, आपल्या कार्यक्रमाला भारतातून येणाऱ्या बुवांचं तिकीट आलं. मुंबई ते आपलं इथलं अमेरिकेतलं न्यूअर्क, थेट. रविवारी रात्री १.३० ला निघणार, रविवारीच सकाळी ७ ला पोचणार. साउंडचेक १२ ला, कार्यक्रम २ ला. पिकअपला कोण जातंय? गाडी मोठी हवी, पेटी-तबला सोबत आहे.

खजिनदार:
सात कसे? अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, विमान जातं ताशी ९०० ने. म्हणजे १४ तास. तिकडे रात्रीचा दीड तेव्हा आपल्याकडे शनिवार दुपारचे ४. चारात चौदा मिळवा, सकाळचे ६ होतात. तिकीट परत बघा. आणि पार्किंगचे पैसे मंडळ देणार नाही, ते गेल्या सभेत ठरलंय.

एडिसनवाले काका:
खजिनदारसाहेब, भागाकार छान आहे, पण विमानाला तो माहीत नाही. पश्चिमेकडे येताना जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, तोंडावर येतो. परत जाताना तोच पाठीशी, म्हणून परतीला तासाभराहून जास्त वाचतो. आणि तुमचे साडेबारा हजार म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग, पार आइसलँडवरून. तसं सरळ उडू कोण देतंय? भारतीय कंपन्यांना एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानवरून बंदी, अमेरिकन कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून. वळसा कुणालाच चुकत नाही. शिवाय तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, धावपट्टीसाठी रांगेत ताटकळणं धरून. सोळा तास धरा.

खजिनदार:
धरले. ४ आणि १६, सकाळचे ८. सात तरीही नाहीत.

मराठी शाळा (ताई):
अहो, नोव्हेंबरचा पहिला रविवार आहे तो! पहाटे २ ला इथली घड्याळं एक तास मागे. बुवा हवेत असतानाच साडेनऊ तासांचा फरक साडेदहा होतो, म्हणून तुमच्या आठाचे सात. तिकिटावर त्या-त्या गावची वेळ छापतात, हा हिशेब कंपनीने आधीच केलेला असतो, आपण वर पुन्हा करायचा नाही. गेल्या वर्षी ह्याच रविवारी निम्मी मुलं तासभर आधी येऊन बंद दारापुढे कुडकुडत होती. किल्ली हॉल समितीकडे.

हॉल समिती:
किल्ली आमच्याकडे नव्हती. सभेचे मिनिट्स वाचा.

नाट्यविभाग:
किल्लीचं राहू द्या. 'रविवार रात्री १.३०' हे बुवांना कोणी नीट समजावलंय का? त्यांना शनिवारी रात्री दहा-साडेदहालाच विमानतळावर पोचायचंय. आमचे मामेसासरे असेच रविवारी रात्री निवांत जेवून, बॅगा बांधून निघाले. विमान आदल्या रात्रीच गेलेलं. तारीख सांगूच नका, "शनिवारी जेवण झालं की घर सोडा" एवढंच सांगा. मी करू का फोन?

सचिव:
नको. बुवांशी मीच बोलते. परस्पर फोन गेले की ते वैतागतात, मागे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पिकअपवाल्यांसाठी: सातला उतरले तरी इमिग्रेशन, सामान धरून साडेआठशिवाय बाहेर येत नाहीत. टर्मिनलसमोर घिरट्या नकोत, सेलफोन लॉटमध्ये (फोन येईपर्यंत गाडीत थांबायची जागा) थांबा.

हॉल समिती:
साउंडचेक १२ ला म्हणजे जुन्या वेळेने की नव्या?