उत्तर: रविवारचा हॉल – ‘मूळ संस्थेचे पत्र’ आणायचं कुठून?

प्रेषक: हार्मोनियमवाली ताई

नमस्कार,
आपल्या मंडळाचा हॉल रविवारच्या उपासनेसाठी मिळावा म्हणून केलेला आमचा अर्ज काल परत आला. सहाव्या रकान्यात ‘धार्मिक गट असल्यास मूळ संस्थेचे पत्र जोडावे’ असं आहे आणि आम्ही तो कोरा ठेवला होता. नियमाबद्दल तक्रार नाही. पण आमची मंडळी (एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती गट) कुठल्याच पंथाला जोडलेली नाही. बिशप नाहीत, मुख्यालय नाही. पत्र देणार कोण? बुकिंग शुक्रवारी बंद होतंय. गेल्या रविवारी अकरा माणसं जिन्यात बसली होती, वरच्या पायऱ्यांवर बायबलचं वचन ऐकूही गेलं नाही. कृपया लवकर सांगा.

प्रेषक: सचिव

ताई, नियम सगळ्यांना सारखा आहे. भजनी मंडळानेही पत्र आणलं. जवळच्या एखाद्या मोठ्या चर्चशी नावापुरतं संलग्न व्हा, ते आनंदाने लिहून देतील. काम होण्याशी मतलब.

प्रेषक: हार्मोनियमवाली ताई

सचिवसाहेब, सल्ला चांगल्या मनाने दिलात, पण नावापुरतं होता येत नाही हीच तर अडचण आहे.

सुरुवातीला आम्ही नऊ जण होतो. कोणी मेथडिस्ट घरातलं, कोणी कॅथलिक, दोघं चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, आणि दोघांचा तर बाप्तिस्माच (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार) झालेला नव्हता. पहिलं भांडण त्यावरूनच झालं. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा, की मोठेपणी स्वतः विश्वास ठेवल्यावर घ्यायचा? यावर तीन महिने गेले. शेवटी दोन्ही मानायचे आणि कुणालाही ‘तुझा खरा नव्हता’ असं म्हणायचं नाही असं ठरलं. नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हाही हाच पेच होता आणि तिथेही दोन्ही रीती मान्य करूनच पुढे जाता आलं. आज आम्ही एका पंथाचं पत्र घेतलं तर बाकीचे त्या क्षणी पाहुणे होतात. कुणी पाहुणं राहू नये एवढ्यासाठीच तर हे सुरू केलं.

प्रेषक: खजिनदारकाका

बाप्तिस्म्याचं तुमचं तुम्ही पाहा. माझा प्रश्न साधा आहे. हॉलची काच फुटली तर बिल कुणाच्या नावाने पाठवायचं? वर कुणी नाही म्हणजे हिशेब विचारणाराही कुणी नाही. आधी राहायचो तिथे असाच एक स्वतंत्र गट होता. पाळक, म्हणजे त्यांचा धर्मगुरू, भला माणूस, पण खातं त्याच्या एकट्याच्या नावावर. तो गाव सोडून गेला आणि मागे राहिलेल्यांना खुर्च्या कुणाच्या हेसुद्धा सिद्ध करता येईना. बायाबापड्या रडल्या. मी ते पाहिलंय, म्हणून अडून बसलोय.

प्रेषक: ताईंच्या मंडळीतला एक वडील

(वयाने नव्हे. आमच्यात मंडळीची जबाबदारी घेणाऱ्यांना ‘वडील’ म्हणतात.)

खजिनदारकाका, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. ही भीती आम्हालाही होती. आमच्याकडे पगारी पाळक नाही. तीन वडील आहेत, मंडळी दर दोन वर्षांनी निवडते, आणि नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ एकाच वेळी नसतात. दान उपासना संपल्या संपल्या, लोक खोलीत असतानाच मोजतो. मोजणारे दोघे, एकमेकांच्या नात्यातले नसलेले. आकडा पाकिटावर, खाली दोघांच्या सह्या. एकदा बेरीज चुकली तर सगळ्यांना पुन्हा बसवलं होतं, लहान मुलं कंटाळून रडायला लागली तरी.

ही आमची हुशारी नाही. बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय ६ पाहा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली तेव्हा बारा प्रेषित, म्हणजे येशूने पाठवलेले प्रमुख शिष्य, हयात होते. तरी त्यांनी हिशेब स्वतःकडे ठेवला नाही. लोकांना सांगितलं, तुमच्यातले सात जण निवडा.

प्रेषक: ग्रंथालयाचे आजोबा

पंथाविना मंडळी म्हणजे काही नवं खूळ नव्हे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्याला दार उघडं. पण टिळक १९१९ साली गेले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. एका माणसाच्या तेजावर उभं राहिलेलं असंच विझतं. खजिनदारांचं म्हणणं त्या अर्थाने खरं आहे.

प्रेषक: हार्मोनियमवाली ताई

आजोबा, मग पंडिता रमाबाईंचंही सांगा ना! निराधार बायकांसाठी त्यांनी केडगावला काढलेलं मुक्ती मिशनही कुठल्या एका पंथाचं नव्हतं. त्यांची मुलगी मनोरमाबाई आईच्या आधीच, १९२१ साली गेल्या. पुढच्या वर्षी रमाबाईही गेल्या. तरी केडगावचं काम आजही चालू आहे. तिथे रोजचं काम अनेक बायकांच्या हातांत होतं.

आमचंही दुसऱ्या वर्षी जवळजवळ संपलं होतं. दोन कुटुंबं नोकरीमुळे गेली, उरलो सहा. त्याच हिवाळ्यात एका शेजारणीची आई तिकडे मायदेशी वारली आणि हिला जाता आलं नाही. आम्ही सहा जण रात्रभर तिच्याकडे बसलो, गीतं म्हटली, पहाटे भांडी घासून निघालो. पुढच्या रविवारी ती आली. मग तिची नणंद. मंडळी वाढली ती अशीच. आज चाळीसच्या वर आहोत.

प्रेषक: शनिवार शाळेच्या बाई

हॉलचं काय ते ठरवा, पण लहान खोलीतलं कपाट शाळेचं आहे. गीतांच्या वह्या तिथे ठेवायच्या नाहीत. भजनी मंडळाचे टाळ अजून माझ्या खडूंवर पडलेत.

प्रेषक: नाट्यविभाग

बाई, त्या कपाटाचा वरचा खण आमचा आहे, हे मागच्या सभेत ठरलंय. आणि रविवारी एक वाजता तालीम असते. खुर्च्या भिंतीला लावून ठेवाव्यात.

प्रेषक: खजिनदारकाका

दोघा मोजणाऱ्यांच्या सह्या असलेली मागच्या सहा महिन्यांची पाकिटं मला दाखवाल का? संशय म्हणून नाही. तशीच पद्धत आपल्या मंडळाच्या दानपेटीला लावावी म्हणतो. पत्राबद्दल माझी हरकत संपली. तिघांनी सह्या करून नुकसानभरपाईची जबाबदारी घ्यावी, बस.

प्रेषक: सचिव

कार्यकारिणीत फोनवर बोललो. सहाव्या रकान्यात यापुढे ‘मूळ संस्थेचे अथवा गटाच्या तीन जबाबदार सभासदांचे सहीचे पत्र’ असं राहील. हे सर्वच गटांना लागू.

प्रेषक: हार्मोनियमवाली ताई

पत्र सोबत जोडलंय. दोन सह्या वडिलांच्या. तिसरी ज्यांची आहे ते पहिलं वर्षभर बायकोला सोडायला यायचे आणि गाडीतच पेपर वाचत बसायचे. या वेळी ‘काच फुटली तर माझं नाव घाला’ असं ते आपण होऊन म्हणाले. पाकिटं गुरुवारी काकांच्या घरी आणून देते. वह्या माझ्या घरीच राहतील, दर रविवारी खोक्यातून आणू. खुर्च्या साडेबारापर्यंत भिंतीला लागतील. किल्ली शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंकडून घेऊ का?

प्रेषक: शनिवार शाळेच्या बाई

हो. साडेबाराला या, उशीर नको. आणि खोकं दर वेळी कशाला वाहता? खालचा खण रिकामा करते.