स्पायडर मंकी शेपटीनं लटकतंय, मग आपलं वानर का लटकत नाही?

सागवान_किनवट
आमच्या बांधावर जुन्या चिंचा हायत, तिथं वानरांची टोळी कायम असते. लहानपणापासून बघतोय पण एकही वानर शेपटीनं फांदी धरताना दिसलं नाही, शेपूट आपली खाली सोडलेली. अन् स्पायडर मंकीचे व्हिडिओ बघावं तर दोन्ही हात मोकळे सोडून नुसत्या शेपटीवर लोंबकळत फळं खातंय. एवढा फरक काहून? अन् ते एकटं-दुकटंच का दिसतंय, टोळी नसती का त्याला?

बिब्ब्याचं_झाड
चांगला प्रश्न काढला भाऊ. आशिया-आफ्रिकेतल्या कुठल्याच माकडाला शेपटीनं पकड घेता येत नाही, वानराची शेपूट उडी मारताना तोल सांभाळायला. शेपटीची पकड फक्त मेक्सिकोपासून खाली उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या काही माकडांत आहे आणि त्यात स्पायडर मंकी सगळ्यात पुढं. त्याच्या शेपटीच्या टोकाला आतल्या बाजूनं केस नसतात, तिथं आपल्या बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात, त्यामुळं फांदी घसरत नाही. हाताला अंगठा मात्र नावालाच, बहुतेकांना तर दिसतच नाही, चार लांब बोटांचा आकडा करायचा अन् फांदीवरून फांदीवर झोके घेत जायचं.

आता हे सगळं कशासाठी, तर पिकल्या फळासाठी. वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं, त्याला पाला पचतो आणि पाला काय कुठंबी मिळतो. स्पायडर मंकीचं बहुतेक खाणं पिकलेली फळं, ती असतात बारीक फांद्यांच्या पार टोकाला, तिथं सहा ते नऊ किलोचं जनावर बसलं तर फांदी मोडंल, म्हणून वरच्या फांदीला शेपूट गुंडाळून खाली लोंबायचं. शिवाय कुठलं झाड कधी पिकतं हे ध्यानात ठेवावं लागतं. पनामाच्या बारो कोलोराडो बेटावर कॅथरीन मिल्टन यांनी याचा अभ्यास केला, तिथं पाला खाणारं हाउलर माकडसुद्धा आहे, वजन जवळपास तेवढंच, पण हाउलरचा मेंदू ५० ग्रॅमच्या आसपास आणि स्पायडर मंकीचा १०७ ग्रॅम. मला तरी हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

गोदाकाठ
टोळी असते की, वीस-तीसची सुद्धा असते, फक्त सगळे एका जागी नसतात. सकाळी गावातली माणसं आपापल्या शेताला पांगतात तसं, दोघं इकडं, चौघं तिकडं. एका झाडावर फळ किती असणार, सगळे तिथंच आले तर भांडणंच होतील. फळ भरपूर असलं की गट मोठे, कमी झालं की लहान. लांबून घोड्याच्या खिंकाळण्यासारखा आवाज देऊन एकमेकांचा पत्ता लावतात अन् परत भेटले की चक्क गळाभेट घेतात. व्हिडिओत एक-दोनच दिसतात ते यामुळंच.

सागवान_किनवट
लई मस्त माहिती दिली दोघांनी, धन्यवाद. मग तिकडं त्यांची संख्या बरी आहे का? आपल्याकडं वानरं हरभऱ्यात घुसतात म्हणून लोक वैतागलेत, तरी २०२२ ला धाराशिवच्या उपळा गावात ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर असल्याची बातमी आली होतीच.

बालाघाटची_वाट
बरी नाही हो. पिलू एकच होतं, पोटात साडेसात महिने, आणि पुढचं दोन ते चार वर्षांनी. शिकारीत एक मादी गेली तर ती जागा भरून निघायला वर्षं जातात. मोठं माकड म्हणून मांसासाठी आधी यांनाच मारतात, त्यात जंगल तुटलं की ही खाली उतरून शेतातून पळत दुसऱ्या जंगलात जाणारी नव्हेत. कोलंबिया-व्हेनेझुएलातली तपकिरी जात तर अतिसंकटग्रस्त आहे. वर बारो कोलोराडोचा विषय निघाला, तिथली मूळची स्पायडर मंकी शिकारीनं संपली होती, आज दिसतात ती नंतर आणून सोडलेल्यांची पिढी. आणि नुकसान फक्त माकडाचं नाही, ही फळं बियांसकट गिळतात अन् बिया दूर जाऊन विष्ठेतून पडतात, मोठ्या बियांच्या झाडांना असं नेणारं दुसरं जनावर कमीच.

गोदाकाठ
अजून एक, आपल्या वानरात नर वयात आला की टोळी सोडतो, माद्या आयुष्यभर तिथंच. यांच्यात उलटं, माद्या दुसऱ्या टोळीत जातात आणि नर जन्मगटात राहतात, म्हणून नरांची आपसात घट्ट एकी असते. मेक्सिकोत युकातानच्या जंगलात तर हे नर शेजारच्या टोळीच्या हद्दीत शिरताना जमिनीवरून, एकामागं एक, आवाज न करता चालत गेलेले अभ्यासकांनी बघितलेत. एरवी जे माकड क्वचितच खाली उतरतं ते!

सागवान_किनवट
हे तर माहितीच नव्हतं. त्या हद्दीच्या भांडणांबद्दल अजून असंल तर लिहा की, सवडीनं लिहिलं तरी चालंल.