मदत हवी आहे: ब्रिटिश बँड डेपेश मोडच्या अमेरिकन 'पीपल आर पीपल'ची कॅसेट तुटली

नमस्कार मंडळी,

माझा मोठा भाऊ १९८६ मध्ये एमएस करायला न्यू जर्सीला गेला. पहिल्यांदा सुट्टीवर चिपळूणला आला तेव्हा त्याने ही कॅसेट मला दिली. 'सायर' कंपनीने १९८४ च्या उन्हाळ्यात फक्त अमेरिकेसाठी काढलेलं संकलन, नऊ गाणी. गेल्या आठवड्यात बऱ्याच वर्षांनी लावली आणि दुसऱ्या बाजूला 'पाइपलाइन' चालू असताना फीत तुटली. कोकणातल्या दमट हवेने एका कडेला बुरशीही धरली आहे. दादा डिसेंबरात साठ वर्षांचा होतोय. त्याच्या हातात ही वाजती ठेवायची आहे.

गाणी सुटी सुटी मिळतात, ते माहीत आहे. पण मला हाच क्रम हवा आहे. मी हा एकच सलग अल्बम समजून वाढले. ही गाणी ब्रिटनमध्ये १९८२ ते १९८४ या काळात वेगवेगळ्या रेकॉर्डवर आली होती, हे खूप उशिरा कळलं. 'नाऊ, धिस इज फन' आणि 'वर्क हार्ड' तर तिकडे सिंगलच्या मागच्या बाजूला होती. 'गेट द बॅलन्स राइट' ब्रिटनमधल्या एकाही स्टुडिओ अल्बमवर नाही. 'लीव्ह इन सायलेन्स' बँडमधला विन्स क्लार्क सोडून गेल्यावर उरलेल्या तिघांनी केलेलं, आणि त्याला लागूनच 'पाइपलाइन', ज्यासाठी लंडनच्या शोरडिच भागात पडक्या जागी लोखंड-पत्रे बडवून आवाज गोळा केले होते. त्या दोन गाण्यांमध्ये बँड किती बदलला, ते या कॅसेटवर एका श्वासात ऐकू येतं. लहानपणी मला त्या ठोक्यांची भीती वाटायची, तरी मी ती बाजू उलटून पुन्हा लावायचे.

तर प्रश्न असे. कॅसेटच्या खोक्याला स्क्रू नाहीत, चारही बाजूंनी चिकटवलेलं आहे. ते न फोडता उघडता येतं का? फीत जोडताना काय वापरावं? बुरशीचं काय करू? आणि पुणे-मुंबईत कुणाकडे हीच रेकॉर्ड असेल तर 'पाइपलाइन'चा तुटलेला भाग ऐकवाल का, म्हणजे किती गेलंय ते कळेल.

प्रतिसाद १
ताई, सेलोटेप अजिबात लावू नका, त्याचा डिंक पाझरून शेजारचे वेढे चिकटतात. फीत जोडायची वेगळी पट्टी मिळते, ती मागच्या अंगाला लावायची. हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) घासणाऱ्या बाजूला नाही. स्क्रू नसलेलं खोकं शाबूत राहणं अवघड. जुन्या कॅसेटच्या शिवणीत पातळ पातं घालून आधी सराव करा. मग दोन्ही चकत्या फितीसकट स्क्रूवाल्या रिकाम्या खोक्यात बसवा. जुन्या खोक्यावरचं लेबल सांभाळून ठेवा. बुरशी साफ केल्याशिवाय चांगल्या डेकमध्ये लावू नका, ती हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते.

प्रतिसाद २
पर्याय म्हणून १९८५ चं 'कॅचिंग अप विथ डेपेश मोड' घेऊ नका. तेही अमेरिकेसाठीच, ब्रिटनच्या 'द सिंगल्स ८१–८५'च्या जोडीचं, पण 'पीपल आर पीपल', 'एव्हरीथिंग काउंट्स', 'गेट द बॅलन्स राइट' आणि 'लीव्ह इन सायलेन्स' आधीच्या संकलनात येऊन गेल्यामुळे त्यात नाहीत. माझ्याकडे तुमच्या अल्बमची एलपी आहे. रविवारी दुसरी बाजू पूर्ण रेकॉर्ड करून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. सरावासाठी जुन्या भजनांच्या दोन कोऱ्या झालेल्या कॅसेट काढल्या आहेत. रविवारची वाट बघते.