सल्ला हवा: माजी सैनिक संघटनांचे जुने बिल्ले जमवायला सुरुवात कुठून करावी?

ओवी_लेस्टर
नमस्कार मंडळी. इथल्या (इंग्लंडमधल्या) कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीत घरातलं जुनं सामान मांडून विकतात) मेडलांच्या शेजारी कोटाला लावायचे छोटे मीनाकामाचे बिल्ले दिसतात. ब्रिटिश लीजन, कॉम्रेड्स ऑफ द ग्रेट वॉर (म्हणजे पहिलं महायुद्ध), बर्मा स्टार असोसिएशन अशा माजी सैनिकांच्या संघटनांचे. मेडल सरकार देतं. हे मात्र लढून परतलेल्या माणसांनी आपणहून एकत्र येऊन, वर्गणी भरून लावलेले. म्हणून मला ते जास्त जवळचे वाटतात. पणजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. बिल्ल्याचा काळ कसा ठरवायचा? नकली कसा ओळखायचा? साफ करावा का? बजेट बेताचं आहे.

जुना_बाजार_पुणे
दिसेल ते घेऊ नका, एक धागा धरा. माझं मत विचाराल तर १९२१ च्या आधीचे घ्या. ब्रिटिश लीजन मे १९२१ मध्ये चार संघटना एकत्र येऊन झाली: नॅशनल असोसिएशन, नॅशनल फेडरेशन, कॉम्रेड्स ऑफ द ग्रेट वॉर आणि ऑफिसर्स असोसिएशन. कॉम्रेड्सची स्थापना १९१७ ची, म्हणजे त्यांचा बिल्ला चारेक वर्षांतलाच. काळ ठरवायची कटकटच नाही. शिवाय त्यामागची गोष्ट मोठी आहे. असोसिएशनवाले कामगार चळवळीच्या जवळचे, फेडरेशनमागे लिबरल पक्षाची मंडळी, आणि या दोघांना उत्तर म्हणून प्रस्थापितांच्या पाठिंब्याने कॉम्रेड्स उभी राहिली. पेन्शन आणि नोकरीसाठी भांडणारी ही माणसं शेवटी एका छत्राखाली आली. चारही बिल्ले एका ओळीत ठेवले की तो सगळा झगडा समोर येतो.

एक सावधगिरी. ‘सिल्व्हर वॉर बॅज’ याच डब्यात मिळतो, पण तो संघटनेचा नाही. जखमी किंवा आजारी होऊन सैन्यातून मोकळे झालेल्यांना सरकारने १९१६ पासून दिलेला चांदीचा बिल्ला आहे तो. मागच्या नंबरावरून लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या याद्यांत माणूस शोधता येतो. जरूर घ्या, पण वेगळा ठेवा.

मीनाकारी
लीजनच्या बिल्ल्याचा काळ मुकुटावरून कळतो. कमानी वर फुगलेल्या असतील तर ट्युडर मुकुट, म्हणजे राजांचा काळ. मधे खोलगट दबलेल्या असतील तर सेंट एडवर्ड मुकुट, एलिझाबेथ राणीच्या वेळचा, १९५३ च्या आसपास आणि पुढे. नावात ‘रॉयल’ असेल तर १९७१ नंतरचा. मात्र चार्ल्स राजाने २०२२ मध्ये पुन्हा ट्युडर धर्तीचा मुकुट घेतलाय, त्यामुळे फुगीर कमानी दिसल्या की जुनाच, असं आता म्हणता येत नाही.

नकलीसाठी सराफी भिंग घ्या. जुना मीना म्हणजे भाजलेली काच: कडक, आणि उडाला तर काचेसारखा टवका उडतो. नव्या नकलांत राळ ओतलेली असते, ती मऊ, टवका न उडता ओरखडे पडतात. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात. मागे गॉन्ट किंवा फॅटोरिनी अशा कारखानदाराचं नाव असेल तर तेही भिंगाखाली वाचा. ठसा स्पष्ट हवा.

आणि कृपया पितांबरी, चिंच, ब्रासो काहीही लावू नका! मुलामा गेला की गेला. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलेलं पितळ कळकतं, तेही टाळा.

मेलबर्नकर
माझ्याकडे ऑस्ट्रेलियातल्या आर.एस.एल. या माजी सैनिकांच्या संघटनेचे बिल्ले आहेत. संघटना १९१६ ची, आणि नाव बदलत गेल्याने काळ आपोआप लागतो: १९४० मध्ये नावात वैमानिक आले, १९६५ मध्ये ‘रिटर्न्ड सर्व्हिसेस लीग’ झालं. वर्षाची वर्गणी भरली की त्या सालाची छोटी चकती बिल्ल्यावर लावत. चकतीसकट मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या. त्या माणसाने त्या वर्षी वर्गणी भरल्याची ती खूण आहे.

कृष्णाकाठ
ओवीताई, बर्मा स्टार असोसिएशन १९५१ ची. ‘बर्मा स्टार’ हे मेडल वेगळं, ते मिळालेल्यांची ही संघटना. दोन्हींच्या नावांत विक्रेते सर्रास गोंधळ करतात. आणखी एक: भारतीय सैनिकांच्या स्टारवर नाव-नंबर कोरलेले असत, ब्रिटिशांचे कोरे. पणजोबांचं मेडल घरात असेल तर कडेला आणि मागे नीट पाहा. नंबर मिळाला की मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला विचारता येईल. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईत त्याच रेजिमेंटची चौथी बटालियन होती, कदाचित तोही धागा लागेल.

विक्रेत्याला विचारा, हा कुणाच्या घरातून आला? गाव, शाखा, जे सांगेल ते चिठ्ठीवर लिहून बिल्ल्याबरोबर ठेवा. सभासद कार्ड किंवा फोटो सोबत असेल तर तो संच फोडू नका. बिल्ला पुन्हा मिळेल, त्या माणसाचं नाव मिळणार नाही.

ओवी_लेस्टर
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. १९२१ च्या आधीचे चार ठरले. पणजोबांचं मेडल आईकडे सांगलीला आहे, तिला कडेचा आणि मागचा फोटो पाठवायला सांगते. पहिला कुठला शोधू?

जुना_बाजार_पुणे
कॉम्रेड्सचा. मिळाला की फोटो टाका, पुढून आणि मागून दोन्ही.