ओएमव्हीचा आकार: डीएलएस म्हणतं १४०, एनटीए म्हणतं १०५

पुटिका_क्यूसी: मेनिंगोकॉकस (मेंदूज्वराचा जिवाणू) बी गटाच्या, डीऑक्सिकोलेट या डिटर्जंटने काढलेल्या ओएमव्ही (जिवाणूच्या बाह्य आवरणाच्या पुटिका, लसीसाठी), १० टक्के सुक्रोजच्या बफरमध्ये. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशाच्या चढउतारावरून आकार मोजणं) झेड-ॲव्हरेज (सरासरी व्यास) १४० नॅनोमीटर, पीडीआय (आकारांत किती फरक आहे ते सांगणारा आकडा) ०.३२. एनटीएचा (व्हिडिओत एकेका कणाचा माग काढून आकार मोजणं) मोड (सर्वात जास्त आढळणारा आकार) १०५. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बहुतेक ७०-८०. स्पेसिफिकेशनमध्ये कुठला आकडा धरायचा? ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड (लसीचा परिणाम वाढवणारा घटक) घातल्यावर मोजलं तर चालेल का?

ब्राउनगती: आधी डीएलएसच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिस्कॉसिटी (द्रवाचा घट्टपणा) कुठली भरली आहे ते बघा. पाण्याची, म्हणजे २५ अंशांची ०.८९ मिलिपास्कल-सेकंद तशीच असेल, तर गोची तिथेच आहे. १० टक्के सुक्रोज पाण्यापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घट्ट. कण हळू हलतात, मशीन त्यांना मोठं समजतं. खरी व्हिस्कॉसिटी भरलीत की १४० चे ११० च्या आसपास येतील. रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सही १.३५ च्या जवळचा भरा. एनटीएसाठी सॅम्पल पीबीएसमध्ये (फॉस्फेट आणि मिठाचा बफर) हजारपट पातळ करत असाल तर तिथे सुक्रोज उरतच नाही, म्हणून तो आकडा या चुकीतून सुटला.

पीडीआय मात्र याने हलणार नाही. ०.३२ म्हणजे बहुधा गुठळ्या किंवा धूळ. विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे २०० चा एक कण १०० च्या ६४ कणांएवढा चमकतो. बफर ०.१ मायक्रॉनमधून गाळा, सॅम्पल गाळू नका. ०.२२ मधून काढलंत की पीडीआय छान दिसतो, पण ज्या गुठळ्या शोधायच्या त्याच फिल्टरवर राहतात! त्याच बफरमध्ये १:१०, १:२०, १:५० करा. झेड-ॲव्हरेज जिथे स्थिर राहतं ते डायल्युशन एसओपीत (ठरलेल्या कार्यपद्धतीत) लिहा. नुसतं पाणी वापरू नका, मीठ आणि ऑस्मोटिक दाब दोन्ही बदलतात. एकाच रनमध्ये काउंट रेट (मशीनला मिळणारा प्रकाश) मध्येच उसळला तर धूळ; प्रत्येक रनमध्ये मोठ्या आकारांचं शेपूट दिसलं तर गुठळ्या, मग फ्रीझ-थॉ (गोठवणं-वितळवणं) तपासा.

नॅनोट्रॅक: एनटीएलाही डोळे झाकून मानू नका. पुटिकांचा प्रकाश क्षीण, त्यामुळे साधारण ६० च्या खालच्या दिसतच नाहीत आणि मोड उजवीकडे सरकतो. मिलीलिटरमागे १०⁸ च्या आसपास कण ठेवा, ६० सेकंदांचे पाच व्हिडिओ घ्या. कॅमेरा लेव्हल आणि थ्रेशोल्ड सगळ्या बॅचना एकच, नाहीतर तुलना फुकट. नुसत्या पीबीएसचा ब्लँकही घ्या, त्यातही कण निघतात. मायक्रोस्कोपचे ७०-८० हे वाळलेल्या, युरेनिल ॲसिटेटने रंगवलेल्या पुटिकांचे. ते हायड्रोडायनॅमिक व्यासाशी (द्रवात हलण्याच्या वेगावरून काढलेल्या) जुळणारच नाहीत.

ब्राउनगती: रिलीजला (बॅच सोडताना) झेड-ॲव्हरेज आणि पीडीआय, दोन्ही. एनटीए कॅरॅक्टरायझेशनपुरतं. ॲल्युमिनियमनंतर डीएलएस नको. बेक्सेरो या मेनिंगोकॉकस बी लसीच्या डोसात २५ मायक्रोग्रॅम ओएमव्हीला ०.५ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम असतं. अशा मिश्रणात हायड्रॉक्साइडचे मायक्रॉनभर पुंजके मोजले जातात, तेही तळाशी बसता बसता. आकार ॲल्युमिनियम घालण्याआधीच्या बल्कवरच मोजा. पुढे पुंजक्यांसाठी लेझर डिफ्रॅक्शन, आणि किती चिकटलं ते बघायला सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवातलं प्रोटीन.