शिआंगची (चिनी बुद्धिबळ): स्पर्धेत आमिष कधी दाखवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे शिआंगची खेळणारं कुणी आहे का? मी सिंगापूरला असतो. क्रेटा आयरच्या चौकात जमणाऱ्या काकांबरोबर खेळून हात बसलाय, आता क्लबच्या स्पर्धांमध्ये उतरतोय. बचाव बरा जमतो. अडतंय ते गळ लावण्यापाशी.

नवख्यांसाठी थोडक्यात: मोहरे घरांत नाही, रेघा छेदतात तिथे बसतात. तोफेला मारायचं असेल तर मध्ये बरोबर एक मोहरा लागतो, कुणाचाही चालतो. सगळी फसवाफसवी या तोफेभोवती फिरते. उदाहरणार्थ, माझी तोफ मधल्या उभ्या रेघेवर आहे. समोरच्याच्या मधल्या प्याद्याची राखण त्याचा घोडा करतोय. त्या घोड्याच्या टप्प्यात मी एक मोहरा मोकळा सोडला आणि घोडा तो मारायला गेला, की माझी तोफ स्वतःच्या प्याद्यावरून उडी मारून त्याचं मधलं प्यादं खाते. आता तोफ आणि राजा समोरासमोर, मध्ये काहीच नाही. शह नाही, तरी त्याचा जीव घुसमटतो, कारण वजीर किंवा हत्ती (इथे हे दोघे राजाची राखण करणारे मोहरे) मध्ये आणला तर त्याच्याच राजाला शह बसतो. आणि माझा कुठलाही मोहरा मध्ये आला की शह!

पण त्याने घोडा हलवलाच नाही तर? माझा मोहरा फुकट गेलेला नसला तरी एक चाल वाया गेली, आणि बरोबरीच्या खेळाडूसमोर ती महागात पडते.

1632 च्या 'ज्यू जुंग मी' या ग्रंथात घोडा देऊन तेरा चालींत मात करणारा प्रसिद्ध डाव आहे. सुंदर आहे, पण काळ्याच्या हावरेपणावर उभा आहे. याउलट चीनमध्ये रस्त्याकडेला पैज लावून मांडतात तो 'सात ताऱ्यांची भेट' हा अंत्यडाव बघा. दोघांकडे सात-सात मोहरे, लाल सहज जिंकेल असं वाटतं, प्रत्यक्षात दोघेही अचूक खेळले तर बरोबरी. मांडणारा चुकला नाही तर हरत नाही. मला असा गळ हवाय.

पिकाफिशला (शिआंगची खेळणाऱ्या संगणक-इंजिनला) विचारून भागत नाही. तो समोरच्याचं सर्वोत्तम उत्तर धरून आकडा देतो, पण घड्याळात दोन मिनिटं उरलेल्या माणसाला कुठली चाल 'साहजिक' वाटेल, हे त्यातून कळत नाही.

तर जाणकारांनो, समोरच्याने आमिष नाकारलं तरी आपली बाजू पडणार नाही, हे पटावर बसल्या बसल्या कसं तपासता? सराव कशावर करू, जुन्या ग्रंथांतल्या डावांवर की अंत्यडावांवर? आणि मोहरे देण्याच्या फंदात न पडता, चीनचे दिग्गज खेळाडू हू रोंगहुआ यांच्यासारखं पहिल्याच चालीत हत्ती मध्ये आणून समोरच्याला पाठ केलेल्या वाटेवरून खाली उतरवणं माझ्या पातळीला जास्त शहाणपणाचं ठरेल का?